पानाच्या गल्ल्यावर मी नव्हते

काही महिन्यांपूर्वी आमच्या कंपनीनं ‘रँडम’ बंद केलं. त्याबद्दल जी मेल आली तिच्यात टोचणारं असं काही नव्हतं. कामाच्या वेळेत लक्ष विचलित होऊ नये, ग्राहकांची माहिती सुरक्षित राहावी, म्हणून यापुढे चॅनेलं फक्त प्रकल्पांची असतील, एवढंच गोड भाषेत लिहिलं होतं. खाली एचआरच्या मॅडमची सही आणि सहीशेजारी एक हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्याचं मूळ कुठलं हे माहीत असतं तर त्यांनी तो तिथं चिकटवला नसता. त्याकडे नंतर येते.

ज्यांचा आमच्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सॉफ्टवेअरवाले हल्ली तोंडानं कमी आणि बोटांनी जास्त बोलतात. प्रत्येक कामाचं वेगळं चॅनेल असतं. कर्जखात्यांचं एक, मोबाइल ॲपचं एक, सर्व्हर पडला की आरडाओरडा करायचं एक. आणि यांच्या जोडीला ‘रँडम’, जिथं कामाचं सोडून काहीही चालतं. हे काही आमच्याच कंपनीचं खूळ नव्हे. अशा चॅनेलांचं स्लॅक हे साधन ज्यांनी काढलं ते आधी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होते. तो खेळ २०१२ मध्ये बंद पडला, आणि खेळ बनवताना आपापसांत बोलायला त्यांनी जे साधन केलं होतं तेच पुढे विकायला काढलं. ‘जनरल’ आणि ‘रँडम’ ही दोन चॅनेलं ते नव्या गिऱ्हाइकाला आयतीच द्यायचे. म्हणजे ज्यांच्या गप्पांवर अब्जावधींचा धंदा उभा राहिला त्यांनीच अवांतर बोलायला खोली ठेवून दिली होती, आणि आम्ही तिला कुलूप लावलं.

मी बडोद्याला राहते. माहेर दांडिया बाजारातलं, आता घर गोत्रीत, सेवासीकडे जाणाऱ्या रस्त्याला. कंपनी पुण्याची, पतसंस्था आणि छोट्या सहकारी बँकांसाठी सॉफ्टवेअर करणारी. करोनात सगळे आपापल्या गावी गेले ते निम्मे परत आलेच नाहीत. त्यामुळे आमच्यात सोलापूरची टेस्टर आहे, नडियादचा डेटाबेसवाला आहे, नागपूरचे दोघे, बेळगावचा एक, बाकी पुण्यातले, आणि अलीकडे रुजू झालेली परभणीची ट्रेनी. नावं लिहीत नाही. तसंही रँडमवर आम्ही एकमेकांना गावावरूनच हाक मारायचो. मी ‘बडोदाताई’.

तिथं काय चालायचं? सेवउसळ चालायची. पुण्याचं म्हणणं, सेवउसळ म्हणजे फरसाण काढून घेतलेली मिसळ. मी सांगायची, बाबांनो, आमच्याकडे वाटाणे असतात, वर शेव, लीलो कांदो म्हणजे तुमचा पातीचा कांदा, आणि तरी वेगळी येते, ती ज्यानं त्यानं आपापल्या हिमतीवर घ्यायची. नडियाद माझ्या बाजूनं, कोल्हापूरचं कुणी नव्हतं म्हणून वाद हातघाईवर आला नाही. कीबोर्डच्या खटखटीवर चर्चा व्हायची. नवरात्रात गरब्याच्या पासांची देवघेव, मेमध्ये परभणीचं तापमान, जूनमध्ये कुणाच्या पोरीला किती टक्के. एकदा सोलापूरनं विचारलं, बाळंतपणाची रजा नक्की किती मिळते, एचआर वेगवेगळं सांगतंय. तासाभरात तिला उत्तर मिळालं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे. त्याच कायद्यात पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय असावी असंही आहे, हे नागपूरच्या एकानं जोडलं. आमच्याकडे पन्नासाहून पुष्कळ जास्त माणसं आहेत आणि पाळणाघर नाही, हे आणखी कुणीतरी जोडलं. चॅनेल बंद होण्याशी त्याचा संबंध नसावा.

२०२४ च्या जन्माष्टमीला बडोद्यात जो पाऊस झाला तो पेपरात वाचला असेल. २६ ऑगस्टची गोष्ट. पुढे विश्वामित्रीनं धोक्याची पातळी ओलांडली, आणि नदीबरोबर नदीतल्या मगरी वस्तीत आल्या. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी, लिफ्ट बंद, वीज गेलेली, फोनला थोडी धुगधुगी. माझ्याकडे त्या आठवड्यात एक रिलीज होती. प्रकल्पाच्या चॅनेलवर लिहायचं तर नीट लिहावं लागतं, अडचण काय, परिणाम काय, पर्यायी व्यवस्था काय. मी रँडमवर एवढंच टाकलं, ‘पाणी चढतंय, चौथा मजला आहे म्हणून आम्ही ठीक.’ सोलापूरचं उत्तर आलं, ‘रिलीज मी बघते. फोन बंद कर, बॅटरी वाचव.’ मॅनेजरला ही अदलाबदल पाणी ओसरल्यावर कळली. सोलापूरला मी आजवर प्रत्यक्ष भेटलेली नाही. तिच्या घरी सासू कशी आहे, तिला दोडका का आवडत नाही, हे मात्र मला पाठ आहे.

आता भाकऱ्यांची गोष्ट. एका रविवारी बेळगावनं ज्वारीच्या भाकऱ्यांचा फोटो टाकला. स्वतः थापलेल्या, कडा फाटलेल्या. सोलापूर म्हणाली, गेल्या हिवाळ्यात मी टाकलेल्या बघ आणि मग बोल. ती आपला जुना मेसेज शोधायला गेली तर तो सापडेना. सर्चमध्ये ‘भाकऱ्या’ लिहिलं की बेळगावचा येतो, तिचा येत नाही. शब्द तोच, डोळ्यांना काही फरक नाही. सर्चलासुद्धा बेळगावच्याच आवडल्या, अशी थट्टा झाली. तेवढ्यात परभणीची मुलगी, जी प्रकल्पाच्या चॅनेलवर ‘ओके सर’ याच्या पुढे कधी गेली नव्हती, तिनं विचारलं, ‘ताई, तेव्हाचा मेसेज तुम्ही फोनवर लिहिला होता की लॅपटॉपवर?’

लॅपटॉपवर लिहिला होता, जुन्या टंकनसाधनानं. आणि गोम तिथंच होती. ‘भाकऱ्या’मध्ये ‘य’ला डावीकडून चिकटणारा जो आडवा अर्धा र आहे तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि मागोमाग एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. संगणकाच्या लेखी दोन निरनिराळे शब्द. मजकूर एकसारखा करून घेण्याच्या युनिकोडच्या ज्या ठरीव पद्धती आहेत त्याही या दोघांना एक मानत नाहीत, त्यासाठी आपला आपण नियम लिहावा लागतो. हे सगळं मुलीला माहीत होतं, कारण कॉलेजात असताना तिनं गावातल्या वाचनालयाची यादी संगणकावर चढवली होती. मग तिनं पुढचा प्रश्न टाकला. ‘मग आपल्या सभासदांच्या यादीत कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडपांडे दोनदोनदा असतील का?’

होते. एका पतसंस्थेत एकच गृहस्थ दोन सभासद होऊन बसले होते, ठेव एका नावावर आणि कर्ज दुसऱ्या. जामीनदाराचं नाव शोधलं तर त्याच्यावर काही बाकी नाही असं दिसायचं. असल्या तक्रारी आल्या की शाखेतल्या क्लार्कच्या माथी मारल्या जायच्या, नीट टाइप करत नाहीत म्हणून. नडियादनं त्या रात्री बसून तपासणी लिहिली आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती गेली. परभणीच्या मुलीचं नाव तेव्हा पहिल्यांदा वरपर्यंत पोचलं.

आता यावर कुणीही समजूतदार माणूस म्हणेल, बघा, गप्पांचाही कामाला उपयोग होतो, म्हणून गप्पा असू द्याव्यात. मला हा युक्तिवाद नको आहे. गप्पांचा नफा दाखवला की लगेच कुणीतरी नफा मोजायला बसतो. शंभर फोटोंतून एक भाकरी कामाची निघते, मग उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय, असा हिशेब येतो. शिवाय ती मुलगी हे इतर कुठंही बोलू शकली असती, असं म्हणता येईल. तर नसती बोलली. प्रकल्पाच्या चॅनेलवर सीनियर आर्किटेक्ट असतात, ग्राहकाची माणसं असतात, तिथं तोंड उघडायचं तर आपलं बरोबर असल्याची खात्री लागते. भाकरीबद्दल बोलताना चुकण्याची भीती नसते. पण माझा मुद्दा त्याच्याही अलीकडचा आहे. ती त्या खोलीत होतीच कशी, हा.

अशी खोली नसली की काय होतं ते मी पाहिलंय. २००१-०२ च्या सुमारास मी बडोद्यातच, अलकापुरीत एका कंपनीत होते. तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, खाली पानाचा गल्ला, म्हणजे तुमची टपरी. संध्याकाळी सहाच्या पुढं सगळे पुरुष खाली उतरायचे. कुणी सिगारेट, कुणी मसाला, कुणी नुसता चहा. अर्धा-पाऊण तास चालायचं. मी वरच्या खिडकीतून बघायची आणि सातच्या आत स्कूटी काढायची, कारण घरी पाळण्यात मुलगी. कुणी मला मुद्दाम वगळलं नाही, उलट माणसं फार सभ्य. ‘बेन, तमे नीकळो, मोडुं थशे.’ ताई, तुम्ही निघा, उशीर होईल, असं खरोखर काळजीनं म्हणायचे. आणि त्या गल्ल्यावर ठरायचं की न्यू जर्सीला कुणाला पाठवायचं, कुठल्या ग्राहकाचं काम जाणार, कुणी कुठं अर्ज टाकलाय, पगार किती मागायचा. डॉट कॉमचा फुगा फुटल्यावर नोकऱ्या जात होत्या. कुठली टीम बसणार हे गल्ल्यावरच्या पोरांना आठवडाभर आधी कळलं आणि त्यांनी हातपाय हलवले. मला ते नोटिशीवरून कळलं.

ऑफिसातल्या पुरुषांची कानगोष्ट नेहमी कामाच्या बाहेरच्या वेळात आणि कामाच्या बाहेरच्या विषयांतून वाट काढत जाते. सरळ कुणी म्हणत नाही, चला, आता आपण बढतीबद्दल बोलू. क्रिकेटवरून सुरू होतं, कुणाच्या साल्याच्या लग्नावरून जातं आणि मध्येच ते एक वाक्य येतं. त्या वाक्यासाठी सगळं क्रिकेट ऐकावं लागतं. ज्याला ते ऐकायला उभं राहता येत नाही, त्याच्या वाट्याला फक्त मीटिंगा येतात. बाई, दूरच्या गावाहून शेवटची बस धरणारा, पानतंबाखू न खाणारा, ऐकायला कमी येणारा, सगळे एकाच रांगेत.

माझी ती रांग सुटायला इंटरनेट घरी यावं लागलं. मुलगी झोपली की मी ‘मायबोली’ ही मराठी वेबसाइट उघडायची. ती १९९६ पासून चालू होती, अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी सुरू केलेली, आणि लिहिणाऱ्यांत सॉफ्टवेअरवाल्यांचा भरणा मोठा. तिथं ‘वाहतं पान’ असा एक प्रकार होता. नवं लिहिलं की जुनं खालून वाहून जायचं, जपून ठेवायची भानगड नाही. त्यामुळे माणसं मोकळी बोलायची. चकलीची भाजणी, बर्फ उपसणं, नाटक, व्हिसाचे कागद, आणि मध्येच कुणी म्हणायचं की अमुक परीक्षा दिली तर तमुक कामं मिळतात. ते एक वाक्य मला तिथं पहिल्यांदा वेळेवर ऐकू आलं. मी ती डेटाबेसची परीक्षा दिली. गल्ल्यावर जे उभं राहून ऐकावं लागलं असतं ते मी रात्री अकराला गाऊन घालून वाचत होते.

आणि आता तो हसरा चेहरा. अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. तिथल्या संगणक विभागात १९८२ साली एक सूचनाफलक होता, लाकडी नव्हे, संगणकावरचा. त्यावर कामाच्या सूचना असायच्या आणि वात्रटपणाही. कुणीतरी भौतिकशास्त्राचं कोडं घातलं, की लिफ्टची दोरी तुटली तर आतल्या मेणबत्तीचं आणि पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल. त्यावर दुसऱ्यानं चेष्टेत सूचना लावली की प्रयोगामुळे लिफ्टमध्ये पारा सांडलाय आणि थोडी आगही लागली होती, सांभाळा. काही जणांना ते खरंच वाटलं. मग चर्चा सुरू झाली की विनोद विनोद आहे हे कळावं कसं. १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचवलं, कोलन, आडवी रेघ आणि कंस काढावा, मान वाकडी करून वाचावा. विनोद नसेल तर कंस उलटा. तो मूळ संदेश पुढे हरवला होता. २००२ साली जुन्या बॅकअपच्या टेपा उकरून तो शोधला गेला. आज जगभरची माणसं रोज जे चिन्ह दाबतात ते पगारी संशोधकांच्या रिकामटेकड्या लिफ्टचर्चेतून आलं. कार्नेगी मेलनच्या एचआरनं तो फलक प्रकल्पापुरता ठेवला असता तर आमच्या मॅडमना नुसती सही करावी लागली असती.

कामापुरतंच बोलायचं ही शिस्त ज्यांनी खरोखर पाळली त्यांचंही बघा. २००८ साली ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे प्रोग्रॅमरांचं संकेतस्थळ निघालं. प्रश्न विचारा, उत्तर घ्या, बस. प्रश्नाच्या आधी ‘नमस्कार’ आणि शेवटी ‘धन्यवाद’ लिहिलेलंही काढून टाकायचे, कारण ते प्रश्नाचा भाग नाही. मला ती जागा आवडायची आणि अजून आवडते. तिच्यामुळे माझी कित्येक रात्रींची झोप वाचली आहे. पण एप्रिल २०१८ मध्ये त्याच कंपनीनं जाहीर लिहिलं की आपल्याकडे नवख्यांना, स्त्रियांना आणि इतर मागे राहिलेल्यांना परकं वाटतं, हे बदलायला हवं. त्यांच्या सर्वेक्षणाला उत्तर देणाऱ्यांत बायका वर्षानुवर्षं दहा टक्क्यांच्याही खाली. त्याच वर्षी सप्टेंबरात लिनक्स ही संगणकप्रणाली सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं आपल्या तोंडाळपणाबद्दल माफी मागितली आणि काही काळ बाजूला झाला. त्याचे ते वाग्बाण कुठल्या अवांतर गप्पांत सुटलेले नव्हते. एकेका ओळीच्या कोडवर, अगदी विषयाला धरून सुटलेले होते.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि स्टॅक ओव्हरफ्लोवरचे प्रश्न झपाट्यानं आटले. साहजिक आहे. नुसतं उत्तर हवं असेल तर यंत्र न ओरडता देतं. आडव्या र बद्दल विचारलं तर तेही सांगेल. पण भाकरी हरवली नसती तर ते विचारायचं कुणाला सुचलं असतं?

‘रँडम’मध्ये सगळं गोडगोड होतं असं मात्र कुणी समजू नये. निवडणुकीच्या दिवसांत तिथं जायला नको वाटायचं. बेळगावला सीमाप्रश्नावरून डिवचणारा एक होता. बेळगाव बिचारा प्रत्येक वेळी आपल्याकडचं हवामान सांगून विषय बदलायचा. एका गृहस्थांनी बायकोवरचे विनोद रोज सकाळी टाकायचा नेम धरला होता. सोलापूरनं एक दिवस त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, हा वहिनींना दाखवलात का? विनोद थांबले. आणि कंपनीची भीती अगदीच निराधार नाही हेही मान्य करते. पुण्यातल्या एकानं गमतीचा म्हणून जो स्क्रीनशॉट टाकला त्यात एका ठेवीदाराचा खातेक्रमांक दिसत होता. बँकेच्या कामात हे चालत नाही. त्याला बोलावून झापायला हवं होतं, आणि झापलं. पण उघड्या खोलीतलं ते दिसलं म्हणून पकडता आलं, ही गोष्ट कुणी लक्षात घेतली नाही.

कारण खोली बंद झाल्यावर गप्पा बंद झालेल्या नाहीत. त्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, आणि फुटल्या. पुण्यातल्या मुलांचा एक ग्रुप झाला. सोलापूरनं बायकांचा केला, त्यात मी आहे. नागपूरच्या दोघांनी जुन्या सहकाऱ्यांचा केला. नडियाद ज्या ग्रुपमध्ये आहे त्याचं नाव मला सांगायला तो लाजतो, कारण त्यात शनिवारच्या बैठकीचा बेत ठरतो, आणि तो गुजरातेत बसून नुसता वाचतो. या ग्रुपांत स्क्रीनशॉट कुठले जातात ते कंपनीला आता कधीही कळणार नाही. आणि परभणी? ती पुण्यातली नाही, कुणाची जुनी सहकारी नाही, बैठकीतली तर नाहीच. आम्ही बायकांनी तिला घेतलं, पण तिथं सगळ्या चाळिशीच्या पुढच्या, गुडघेदुखी आणि मुलांच्या ॲडमिशन. बावीस वर्षांची मुलगी बोलणार काय? पुण्यातल्या मुलांच्या ग्रुपवर नव्या प्रकल्पाची कुणकुण आठवडाभर आधी लागली होती. आम्हाला ती मेलवरून कळली. तिलाही.

म्हणजे गल्ला परत आला. फक्त आता तो खिडकीतून दिसतही नाही.

याला पर्याय म्हणून कंपनीनं शुक्रवारी दुपारी चारला व्हिडिओवर चहा ठेवलाय. अर्धा तास, कॅमेरा चालू ठेवणं बंधनकारक. प्रत्येकानं आपल्याबद्दल दोन खऱ्या आणि एक खोटी गोष्ट सांगायची. मी पहिल्या खेपेला सांगितलं, की माझ्या घराजवळ सोळाव्या शतकातली पायऱ्यांची विहीर आहे, आमच्या शहरातल्या नदीत मगरी आहेत, आणि मला हा कार्यक्रम फार आवडतो. सेवासीची वाव १५४३ ची आहे, मगरींचं वर सांगितलंच. हसले सगळे, पण म्यूटवर.

आखून दिलेल्या गप्पांत कुणाचं काही हरवत नाही आणि कुणाला काही सापडत नाही. गप्पांना वेळ लागतो तो सलग नव्हे, सांडलेला. सकाळी एक ओळ, जेवताना एक, रात्री अकराला एक. ज्याला बोलायचं नसेल त्यानं महिनोन्‌महिने नुसतं वाचावं. परभणीची मुलगी भाकऱ्यांपर्यंत नुसती वाचतच होती. व्हिडिओवर तिला पहिल्याच शुक्रवारी बोलायला लावलं. तिनं सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, घाबरून.

मी एचआरला रीतसर लिहिलं. रँडम परत उघडा. ट्रेनी पहिल्या दिवसापासून आत असू दे, कुणी आमंत्रण द्यायची वाट नको. महिन्याहून जुनं आपोआप पुसलं जाऊ दे, म्हणजे कुणाला धास्ती नको. ग्राहकाच्या माहितीचा स्क्रीनशॉट दिसला की टाकणाऱ्यावर कारवाई करा, खोलीवर नको. कोण किती बोललं याचे आकडे काढू नका, आणि तुमचं ते नवं सारांश करणारं यंत्र तिथं सोडू नका. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं असेल तर सोलापूरला नेमा, तिचा वचक आहे.

चार दिवसांत उत्तर आलं. प्रस्ताव आवडला म्हणाले. वर पाठवण्यासाठी चॅनेलचं उद्दिष्ट दोन ओळींत लिहून द्या आणि पहिल्या तिमाहीची विषयपत्रिका जोडा. नडियाद म्हणतो, लिहून टाक ना काहीतरी, एप्रिल सेवउसळ, मे उकाडा, जून टक्के. सोलापूर म्हणते, उद्दिष्टात पाळणाघर घाल.